बहात्तर मिनिटांचा नेम

रेकीचा पहिला वर्ग, म्हणजे फर्स्ट डिग्री, दोन दिवसांत संपतो. शनिवारी सकाळी सुरू होतो, रविवारी संध्याकाळी प्रमाणपत्र हातात पडते, आणि सोमवारपासून जे उरते त्याला नियमित स्व-उपचार म्हणतात. वर्गात शिक्षक शक्तिपात करतात, म्हणजे साधकाच्या शरीरातून वैश्विक ऊर्जा वाहण्याची वाट मोकळी करून देतात, असे या पद्धतीत मानले जाते. ही वाट एकदा उघडली की कायमची उघडते, पुढे दहा वर्षे सराव केला नाही तरी रेकी जात नाही, असेही तिथेच सांगितले जाते. सराव मोडण्याचे पहिले कारण हे आश्वासन. मराठी घरात जी वस्तू न वापरताही खराब होत नाही ती माळ्यावर जाते.

सरावाचा हिशेब कागदावर सोपा आहे. आपल्याकडे रूढ असलेल्या पद्धतीत शरीरावर चोवीस जागा मानतात. त्यांना मराठीत पॉइंट म्हणतात. डोळ्यांपासून आरंभ करून तळपायांपर्यंत जायचे आणि प्रत्येक पॉइंटवर तीन मिनिटे तळहात ठेवायचे. एकूण ७२ मिनिटे. काही शिक्षक पॉइंट सव्वीस धरतात, काही बाराच सांगून प्रत्येकाला पाच मिनिटे देतात, पण कोणत्याही घराण्याची बेरीज तासाच्या खाली येत नाही. हे गणित मांडणाऱ्यांनी एक गोष्ट धरलेली दिसत नाही. शहरी मराठी कुटुंबात सलग ७२ मिनिटे कोणी हाक मारली नाही असा प्रौढ माणूस सहसा आढळत नाही. जो कुठल्याच हाकेला ओ देत नाही म्हणून घराने ज्याचा नाद सोडला आहे, तो एक अपवाद. अंघोळीला गेलेला माणूस हा दुसरा अपवाद मानला जातो, पण त्यालाही दाराबाहेरून गीझर बंद केला का हे विचारतातच.

या पद्धतीचे जनक मिकाओ उसुई यांना ही अडचण आली नाही. १८६५ साली जपानच्या गिफु प्रांतातील एका खेड्यात जन्मलेले उसुई १९२२ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, क्योटोच्या उत्तरेकडील कुरामा डोंगरावर जाऊन बसले. एकवीस दिवसांचा उपवास आणि ध्यान झाल्यावर त्यांना रेकी प्राप्त झाली असे सांगतात. लगेच एप्रिलमध्ये त्यांनी टोकियोत आपली संस्था काढली, पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरमधल्या महाभूकंपात जखमींवर उपचार केले आणि १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले. टोकियोतील एका बौद्ध मंदिराच्या आवारात १९२७ साली उभारलेल्या स्मारकशिलेवर त्यांचे दोन हजारांहून अधिक शिष्य होते अशी नोंद आहे. चार वर्षांत दोन हजार शिष्य हा वेग पाहता उसुईंना स्वतःच्या चोवीस पॉइंटांसाठी वेळ मिळाला असेल का, अशी शंका येते. पण हातांच्या जागांची शिस्तशीर मांडणी पुष्कळशी त्यांच्या शिष्याची मानली जाते. हे शिष्य म्हणजे चुजिरो हायाशी, नौदलातले निवृत्त अधिकारी. क्रमाने डोक्यापासून पायापर्यंत जाणे आणि कोणतीही जागा न सोडणे यात कवायतीचा वास येतो तो उगीच नव्हे.

जपानबाहेर रेकी नेली हवायो ताकाता यांनी. त्या हवाई बेटांवर जपानी मजुराच्या घरात १९०० साली जन्मल्या. १९३५ मध्ये दुखणी घेऊन टोकियोला आल्या आणि हायाशींच्या दवाखान्यात उपचार घेऊ लागल्या. उपचारकाचे हात इतके गरम लागले की त्याने किमोनोच्या बाहीत एखादे यंत्र लपवले असावे अशी त्यांना शंका आली, आणि त्यांनी त्याची बाही धरून पाहिली, असे त्या स्वतः सांगत. ही चौकस वृत्ती पुढे परंपरेत फारशी उतरली नाही. ताकाताबाईंनी सांगितलेल्या कथेत उसुई हे क्योटोच्या दोशिशा विद्यापीठाचे ख्रिस्ती प्रमुख आणि डॉक्टर झाले होते; विद्यापीठाच्या दप्तरात त्यांचे नाव सापडले नाही. पण आपल्याकडच्या वर्गांत लागणाऱ्या तसबिरीखाली 'डॉ. उसुई' असे आजही असते, आणि सराव सुरू करताना त्यांचे आभार मानायचे ते डॉक्टर म्हणूनच.

सातत्याच्या दृष्टीने ताकाताबाईंचे खरे योगदान म्हणजे फी. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही हे पटवण्यासाठी त्या भिकाऱ्यांची गोष्ट सांगत. उसुईंनी त्यांना मोफत बरे केले, आणि ते काही दिवसांनी पुन्हा भीक मागायला बसले. म्हणून मास्टर, म्हणजे रेकीचा शिक्षक, होण्याची फी त्यांनी दहा हजार डॉलर ठेवली. १९८० मध्ये त्या वारल्या तेव्हा त्यांच्या हाताखाली तयार झालेले मास्टर होते बावीस. १९९०च्या दशकात रेकी महाराष्ट्रातल्या मंगल कार्यालयांत आणि सोसायटीच्या हॉलांत पोहोचली तोवर फीचा आकडा बराच खाली आला होता, तत्त्व मात्र तेच होते. भरलेल्या पैशाचा परिणाम सरावावर होतो यात शंका नाही, फक्त तो उलट दिशेने मोजावा लागतो. फी वसूल झाली असे मनाशी ठरेपर्यंत साधक रोज उठतो. एका साध्या सर्दीला दोन वेळच्या डॉक्टरांचे आणि औषधांचे पैसे वाचले असे लावले, आणि सर्दी तशीही आठवड्यात जाते हे विचारात घेतले नाही, तर पावसाळ्यात घेतलेली फर्स्ट डिग्री दिवाळीपर्यंत फिटते. त्यानंतरचा सराव निष्काम असतो आणि म्हणूनच क्वचित आढळतो.

शक्तिपातानंतर पहिले एकवीस दिवस सराव चुकवायचा नाही असा नियम आहे. या काळात शरीराची शुद्धी होते असे मानतात. सर्दी झाली, पोट बिघडले, विनाकारण रडू आले तरी ती शुद्धीच. एकवीस हा आकडा कुरामा डोंगरावरून आला, पण मराठी माणसाला तो परका वाटत नाही. मोदक एकवीस, दूर्वा एकवीस, अथर्वशीर्षाची आवर्तने एकवीस. तेव्हा रेकीही एकवीसच दिवस असणार, यात कोणाला खुलासा लागत नाही. त्यात अमेरिकेहून आणखी एक एकवीस येऊन मिळाले. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनने १९६० सालच्या आपल्या पुस्तकात लिहिले की नव्या नाकाची किंवा चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात. पुढे व्याख्यानांतून यातले नाक गळाले, 'निदान'ही गळाले, आणि कोणतीही सवय एकवीस दिवसांत लागते असा सिद्धांत शिल्लक राहिला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हेच तपासले. जेवणाबरोबर फळ खाणे, जेवणाआधी थोडे धावणे अशी एखादी नवी गोष्ट प्रत्येकाने निवडायची आणि ती आपोआप घडू लागेपर्यंत किती दिवस लागतात ते पाहायचे. सर्वसाधारण उत्तर निघाले ६६ दिवस. कोणाला १८ पुरले, कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. म्हणजे एकविसाव्या दिवशी साधक ज्याला सिद्धी समजून पेढे वाटतो तो वाटेतला एक थांबा असतो, आणि बाविसाव्या दिवशी सुट्टी घेण्याची आपली जुनी प्रथा या शास्त्राला धरून नाही. पण याच अभ्यासात एक दिलासाही आहे: एखादा दिवस चुकला म्हणून सवयीची घडण मोडत नाही. हा निष्कर्ष मराठी साधकांच्या कानावर गेलेला नाही, तरी त्याचा लाभ ते पूर्वीपासून घेत आलेले आहेत.

आता वेळेचा प्रश्न. सगळी घराणी पहाट सुचवतात. पहाटे वातावरण शांत असते ही समजूत ज्या गावांत पाणी दिवसभर येते तिथली असावी. जिथे नळाला साडेपाच ते सव्वासहा पाणी येते तिथे पहाट ही घरातली सर्वांत गजबजलेली वेळ. पाण्यामागून दूध, दुधामागून डबे, डब्यांमागून स्कूलबस, आणि हे सगळे गेल्यावर कचऱ्याची घंटागाडी आपले गाणे वाजवत येते, जिच्यासाठी चौदाव्या पॉइंटवरून उठून जिना उतरण्यावाचून पर्याय नसतो. दुपार निवृत्त मंडळींना सोयीची. विशेषतः पुण्यात, जिथे एक ते चार या वेळात बेल वाजवणे हा दखलपात्र गुन्हा नसला तरी तसे वागवले जाते, तिथे रेकीला अत्यंत अनुकूल हवामान मिळाले. संध्याकाळ मालिकांची. रात्र झोपेची. उरलेल्या वेळात सराव करावा.

जागेचा प्रश्न यापेक्षा कठीण. हॉलमधल्या दिवाणावर टीव्ही असतो, म्हणजे समोर असतो. बेडरूममध्ये कपाट असते, आणि घरातला एक माणूस डोळे मिटून पडला की उरलेल्या सर्वांना कपाटातले काहीतरी हवे होते. लोखंडी कपाटाच्या दाराचा आवाज आठ पॉइंटांची शांतता परत घेऊन जातो. देवघरासमोर करायला आजींची हरकत असते. देवापुढे हात जोडावेत, पोटावर ठेवू नयेत. गच्चीवर वाळवण असते, आणि वाळवणाच्या शेजारी माणूस निपचित पडलेला पाहून वरच्या मजल्यावरच्या काकू खाली येऊन घरच्यांना विचारतात.

घराची प्रतिक्रिया ठरावीक टप्प्यांतून जाते. पहिल्या आठवड्यात सगळे चवड्यांवर चालतात. फोन आला तर "बाबा रेकीत आहेत" असे हळू आवाजात आणि थोड्या अभिमानाने सांगितले जाते. दुसऱ्या आठवड्यात दार किलकिले करून "अहो, रेकीत आहात की जागे आहात?" असे विचारतात. तिसऱ्या आठवड्यापासून रेकी आणि संसार यांचा समझोता होतो: "डोळे मिटलेलेच असू देत, फक्त सांगा, गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंय?" हात न हलवता आणि डोळे न उघडता दिलेल्या उत्तराने सराव खंडित होत नाही, असा निर्णय जाणकार साधकांनी याच टप्प्यावर स्वतःच्या अधिकारात घेतलेला असतो. कानांवर हात ठेवण्याचा पॉइंट आरंभीच येतो आणि तीनच मिनिटांत संपतो, ही या पद्धतीची मोठी उणीव मानावी लागेल.

तीन मिनिटे मोजण्यासाठी पूर्वी कॅसेट असे. मंद बासरी, आणि दर तीन मिनिटांनी एक घंटा. पुढे सीडी आली, आता फोनमधले अॅप आहे. कॅसेटच्या काळात बाजू पालटण्यासाठी उठावे लागे. अॅपच्या काळात घंटेसोबत सोसायटीच्या गटावरचे संदेशही वाजतात, आणि डोळ्यांवर हात ठेवलेल्या माणसाला लिफ्ट कोणी बंद पाडली यावरची चर्चा न वाचता सहन करावी लागते. काही गृहिणींनी कुकरच्या शिट्टीवर पॉइंट बदलून पाहिला. डाळ, भात आणि बटाटे यांच्या शिट्ट्यांमधले अंतर सारखे नसल्यामुळे कपाळाला ऊर्जा भरपूर गेली आणि पोटावर हात पोहोचण्याआधी कुकर उतरला.

मुळात गृहिणीचा प्रश्न घड्याळाचा नाहीच. मराठी समाजाला नेम नवा नाही. चातुर्मासाचे नेम, सोळा सोमवार, लक्ष वाहणे, पारायणे, कहाण्यांमधले वसे, असा या विषयातला दीर्घ अनुभव इथल्या बायकांना आहे. पण ते नेम दोन प्रकारचे. एकात काहीतरी सोडायचे: वांगे, कांदा-लसूण, एक वेळचे जेवण. दुसऱ्यात काहीतरी करायचे: वाती वळायच्या, पोथी वाचायची, प्रदक्षिणा घालायच्या. रेकी या दोहोंत बसत नाही. ती करायची असते, आणि करायचे काय, तर सव्वा तास स्वस्थ पडायचे, तेही स्वतःच्या अंगावर हात ठेवून, स्वतःसाठी. दुपारी आडवा झालेला पुरुष घरात कोणाला दिसतही नाही. आडवी झालेली बाई दिसली की "बरं नाही का?" असे विचारले जाते, आणि "बरं आहे" हे उत्तर दिले तर पुढचा प्रश्न "मग?" असा असतो. या एका अक्षराने जेवढे सराव बंद पाडले तेवढे आळसाने पाडले नसतील. ज्या बायका टिकल्या त्यांनी रेकी हे औषध म्हणून जाहीर केले. गुडघ्यांसाठी करते म्हटले की घराला ते पटते, मग गुडघ्यांच्या आधीचे पॉइंट वाटेवर लागले म्हणून करता येतात.

जुन्या नेमांना आणखी एक सोय होती ती म्हणजे सूट. सुतक, प्रवास, आजारपण यांत नेम चुकला तर काय करायचे हे आजीला तोंडपाठ असे, आणि बहुधा पर्याय शेजारणीकडून करवून घेण्याचा असे. रेकीत अशी कलमे नाहीत. प्रवासात करता येते, आजारपणात तर जरूर करावी, सुतकाचा संबंधच नाही. निमित्ताला जागा न ठेवणारा नेम माणूस मोडतो आणि मग लपवतो.

झोप हा स्वतंत्र विषय आहे. जगातल्या बहुतेक साधनांमध्ये झोप हे विघ्न समजले जाते. ध्यानात डुलकी लागली तर गुरू रागावतो, पारायणात लागली तर शेजारचा कोपर मारतो. रेकीत मात्र झोप लागली तरी ऊर्जा आपले काम करत राहते, असे शिक्षकच सांगतात. या एका वाक्याने वामकुक्षीला अध्यात्मात स्थान मिळाले आणि रेकीला महाराष्ट्रात. चौथ्या-पाचव्या पॉइंटवर साधकाचे हात सैल होतात, घोरणे सुरू होते, आणि उरलेल्या घंटा रिकाम्या खोलीत वाजतात. हा सराव धरायचा की नाही यावर दोन मते आहेत. झोपलेला माणूस तो धरतो, जागी असलेली बायको धरत नाही.

कसाबसा एवढा सराव बसला की सेकंड डिग्री येते आणि तो उठतो. या पायरीवर चिन्हे शिकवतात आणि त्यांच्या साहाय्याने दूर असलेल्या व्यक्तीलाही रेकी पाठवता येते असे मानतात. अंतराचे बंधन नाही, भूतकाळ-भविष्यकाळाचेही नाही. इतके अधिकार एकदम हाती आल्यावर स्वतःच्या तळपायांपाशी कोण थांबेल? न्यू जर्सीतल्या मुलाला रोज सकाळी साडेसातला रेकी जाऊ लागते, कारण तेव्हा त्याच्याकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात. समोरच्याची परवानगी हवी असा नियम आहे. मुलगा दुसऱ्या खिडकीत काहीतरी पाहता पाहता "हो आई, पाठव" म्हणतो आणि नियम पाळला जातो. मग दहावीच्या निकालाला, जावयाच्या न लागणाऱ्या नोकरीला, सुरू न होणाऱ्या स्कूटरला, बॅंकेतल्या रांगेला आणि शेवटच्या षटकात नऊ धावा हव्या असलेल्या भारतीय संघाला रेकी दिली जाते. संघ जिंकला तर वाटेकरी फार असतात, हरला तर परवानगी घेतली नव्हती हे आठवते.

ज्यांच्याकडे इतक्या सगळ्यांसाठी वेळ नाही त्यांच्यासाठी रेकी बॉक्स आहे. एका डब्यात इच्छांच्या चिठ्ठ्या घालायच्या आणि रोज सगळ्या डब्याला मिळून रेकी द्यायची. डबा बहुधा मिठाईचा असतो. त्यातली स्वतःच्या नावाची चिठ्ठी तळाशी जाते. अनेक साधकांचा वैयक्तिक सराव अशा रीतीने चोवीस पॉइंटांवरून एका डब्यावर आलेला आढळतो, आणि तो डबा टीव्ही पाहताना मांडीवर ठेवता येतो.

दुसऱ्यांना द्यायची तर मोबदल्याशिवाय देऊ नये, असाही दंडक आहे. पैसेच हवेत असे नाही, ऊर्जेची देवाणघेवाण झाली म्हणजे झाले. त्यामुळे शेजारच्या वहिनींच्या टाचेला रेकी दिली की संध्याकाळी कोथिंबीर वडीची ताटली येते. ती रिकामी परत करायची नाही हा त्याहून जुना दंडक असल्यामुळे तिच्यात साखर किंवा चार लाडू घालून पाठवावे लागतात, मोबदल्याचा मोबदला होतो, आणि हिशेब कधीच मिटत नाही. स्व-उपचारात मोबदला कोणी कोणाला द्यायचा याचा खुलासा नसणे हेही तो मागे पडण्याचे एक कारण असावे.

उसुईंनी शिष्यांना खरे तर हातांच्या जागांइतकेच, किंबहुना त्याआधी, पाच तत्त्वांचे पठण सांगितले होते. सकाळ-संध्याकाळ हात जोडून बसायचे आणि मनाशी म्हणायचे की आजच्या दिवसापुरते रागवायचे नाही, काळजी करायची नाही, कृतज्ञ राहायचे, काम मन लावून करायचे, सर्वांशी प्रेमाने वागायचे. यातला 'आजच्या दिवसापुरते' हा भाग अतिशय शहाणपणाचा आहे. एकवीस दिवसांचे गणित इथे नाही, जन्माचा करार नाही. मुदत फक्त रात्रीपर्यंत. तीही भरत नाही हा भाग वेगळा. सहा वाजता रागाचा त्याग केलेल्या साधकाला सहा वाजून दहा मिनिटांनी वरच्या टाकीचा वाहणारा पाइप दिसतो, आणि त्या दिवसापुरते पहिले तत्त्व निकालात निघते. काळजी न करण्याला मुले रात्री अकरापर्यंत मुदत देतात. काम मन लावून करण्याचे तत्त्व ऑफिसातल्या साहेबांना इतके आवडते की रेकीच्या कार्यशाळेला कंपनीने परवानगी दिली तर ती त्यासाठीच. प्रेमाने वागण्यातून सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा वगळावी असा संकेत पडला आहे. शिवाय ही पाच तत्त्वे पाळायला आडवे पडावे लागत नाही, घंटा लागत नाही आणि फी बसत नाही, त्यामुळे वर्गात ती एका पानावर छापून देतात आणि चहाच्या सुट्टीकडे वळतात.

मग इतके करून होते काय, हा प्रश्न घरातला एखादा इंजिनियर मुलगा विचारतोच. तळहातातून निघणारी ऊर्जा आजवर कोणत्याही उपकरणाने नोंदलेली नाही. चिंता आणि नैराश्य यांवर रेकीचा उपयोग होतो का, याबद्दलचे प्रयोग २०१५ मध्ये कॉक्रेनच्या समीक्षेत एकत्र तपासले गेले, आणि हो किंवा नाही म्हणण्याइतका पुरावा नाही असे ठरले. रेकीच्या जवळच्याच, हात न टेकवता करायच्या 'थेरप्युटिक टच' या पद्धतीची परीक्षा अमेरिकेत एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान-प्रकल्पासाठी घेतली होती. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा, त्यातून पलीकडे काढलेले उपचारकाचे दोन हात, आणि एमिलीचा हात त्यांतल्या कोणत्या हातावर धरला आहे ते ऊर्जेवरून ओळखायचे. २८० वेळा विचारून बरोबर उत्तरे आली १२३, म्हणजे नाणे उडवले असते तरी थोडी जास्त आली असती. हा निबंध १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला तेव्हा एमिली अकरा वर्षांची होती. परीक्षेला बसलेले उपचारक होते एकवीस. या आकड्याने इथे मात्र साथ दिली नाही.

साधकाला याचे फार वाईट वाटत नाही, आणि ते योग्यच आहे. दिवसातून एक तास फोनशिवाय, दिवा मंद करून, कोणाला उत्तर न देता पडून राहिलेल्या माणसाला बरे वाटते, याला वैश्विक ऊर्जेची साक्ष लागत नाही. अट एवढीच की रक्तदाबाची गोळी रेकी बॉक्समध्ये चिठ्ठी म्हणून जाऊ नये. ती पोटातच जावी, आणि छातीत दुखू लागले तर हृदयाच्या पॉइंटवर तीन मिनिटे मोजत न बसता रिक्षा बोलवावी. चांगले शिक्षक हे पहिल्याच दिवशी सांगतात. मात्र प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला ते छापलेले नसते.

सातत्यासाठी हल्ली गट काढतात. वर्ग संपतानाच सर्वांचा व्हॉट्सअॅप गट तयार होतो आणि सराव झाला की त्यावर 'पूर्ण' असे लिहायचे ठरते. पहिले काही दिवस सकाळी सातच्या आत 'पूर्ण'ची रांग लागते. मग एखादा साधक 'पूर्ण' आदल्या रात्रीच टाकून ठेवतो. मग सूर्योदयाची चित्रे येतात, त्यांमागून सुविचार, त्यांमागून कोणाच्या तरी पुतणीचे स्थळ. वर्षभराने गट चालू असतो, वधू-वर जमलेले असतात, आणि 'पूर्ण' हा शब्द शेवटचा कधी आला ते शोधायला बरेच वर जावे लागते. वही ठेवणाऱ्यांचे असेच असते. रोज तारीख, वेळ, कोणत्या पॉइंटवर हात गरम झाले, कुठे मुंग्या आल्या अशी नोंद करायची. पहिल्या चार पानांवर हे सगळे सुवाच्य अक्षरात असते आणि पाचव्या पानापासून दूधवाल्याचा हिशेब सुरू होतो.

ज्यांचा सराव खरोखर वर्षानुवर्षे टिकला त्यांच्याकडे पाहिले तर तो बहुधा आकसलेला दिसतो. ७२ मिनिटांचा आग्रह त्यांनी कधीच सोडलेला असतो. सकाळचा चहा झाला की कप खाली ठेवायचा आणि तिथेच खुर्चीत डोळे, छाती, पोट अशा तीन जागांवर हात ठेवायचे, नऊ मिनिटे. चहा कोणी विसरत नाही, म्हणून रेकीही विसरली जात नाही. लॅली यांच्या प्रयोगातली माणसेही फळाची किंवा धावण्याची सवय जेवणासारख्या रोजच्या ठरलेल्या गोष्टीलाच जोडत होती. डोंबिवलीहून सव्वाआठची लोकल धरणारे गाडीतच उरकतात. बसायला मिळाले तर पोटाचे पॉइंट होतात. उभे राहावे लागले तर गर्दीच्या दाबाने दोन्ही हात आपोआप छातीवर येतात आणि ठाण्यापर्यंत तिथून हलवता येत नाहीत. हृदयचक्राला इतकी एकाग्र ऊर्जा कुठल्या आश्रमात मिळणार नाही. फक्त ते हात आणि ती छाती एकाच माणसाची आहेत याची खातरी अधूनमधून करून घ्यावी.

सराव मोडल्यावर पुन्हा सुरू करण्यासाठी गुढीपाडवा, दसरा, गुरुपौर्णिमा आणि एक जानेवारी असे चार मुहूर्त प्रचलित आहेत. पुन्हा सुरुवात म्हणजे पुन्हा शक्तिपात घ्यावा का, असे साधक शिक्षकांना विचारतो. गरज नाही, पण घेतला तर चांगलेच, असे उत्तर मिळते. उजळणीच्या वर्गाची फी निम्मी असते.

अशा दोन-तीन उजळण्या झाल्या, चहानंतरची नऊ मिनिटे पक्की झाली आणि टाचांच्या निमित्ताने शेजारीपाजारी नाव झाले, की कोणीतरी म्हणते, आता मास्टर करून टाका. मास्टर झालेल्याने शिकवावे अशी अपेक्षा असते. शनिवार-रविवार वर्गात जातात, शुक्रवारची संध्याकाळ सतरंज्या आणि माइक जमवण्यात, सोमवार प्रमाणपत्रांवरची चुकलेली नावे दुरुस्त करण्यात. आठवड्याचे उरलेले दिवस फोनवर, सराव मोडलेल्या शिष्यांना धीर देण्यात. नव्या मास्टरची स्वतःची रेकी मग वर्गात प्रात्यक्षिक दाखवताना होते, तीही गळ्यापर्यंतच, कारण त्याच्या पुढच्या पॉइंटला चहा आलेला असतो.